एससीसीएम, इंट्यून, ग्रुप पॉलिसी एकत्र चालवायचंय? आधी क्रम ठरवा

मुख्य कार्यालय, पंचवीस-तीस शाखा, काहीशे ते दोनेक हजार कॉम्प्युटर. अशा संस्थांमध्ये चित्र बहुतेक सारखंच दिसतं. ॲक्टिव्ह डिरेक्टरीचं डोमेन आहे (युजर आणि मशीन्सची मध्यवर्ती नोंद; तिथून मशीन्सना सेटिंग्ज पाठवतात, ती ग्रुप पॉलिसी), पॅचसाठी डब्ल्यूएसयूएस आहे, सॉफ्टवेअर टाकायला कॉन्फिगरेशन मॅनेजर आहे (ज्याला आपण सगळे अजून एससीसीएमच म्हणतो), अँटिव्हायरसचा वेगळा कन्सोल आहे, तक्रारींसाठी सर्व्हिस डेस्क आहे आणि आता मायक्रोसॉफ्टच्या लायसन्ससोबत इंट्यून (क्लाउडवरून मशीन्स सांभाळणारं टूल) आलंय. प्रत्येक टूल आपापल्या जागी ठीक चालतं. जोडायला घेतलं की मात्र एकाच मशीनच्या तीन नोंदी दिसायला लागतात, पॅच दोन दिशांनी येतात आणि सकाळी दहाला शाखेची लाइन ठप्प होते.

बहुतेक वेळा कारण एकच असतं. एजंट (मशीनवर बसून टूलचे हुकूम पाळणारे छोटे प्रोग्राम) आधी सगळीकडे टाकले जातात आणि कोणी काय करायचं हे नंतर ठरतं. खालचा क्रम त्याच्या उलट आहे. त्यात एकच नियम सोडायचा नाही: एका कामाला एकच मालक, आणि जुन्या मालकाचा हात काढल्याशिवाय नव्याचा हात लावायचा नाही. तुमच्याकडे एंडपॉइंट सेंट्रल किंवा दुसरं काही असेल तर बटणं वेगळी असतील, क्रम हाच राहील.

## १. मशीन्स मोजा, तीन याद्या जुळवा

कुठल्याही एका कन्सोलवरचा आकडा खरा धरू नका. तीन याद्या काढा: डिरेक्टरीतली कॉम्प्युटर खाती, अँटिव्हायरस कन्सोलमधली मशीन्स आणि डीएचसीपीने पत्ते दिलेली मशीन्स. डीएचसीपीची यादी आठवड्यातल्या दोन-तीन वेगळ्या दिवशी घ्या, नाहीतर फिरतीवरचे लॅपटॉप निसटतात. तिन्ही याद्यांत असलेली मशीन्स हा तुमचा पाया. फक्त डिरेक्टरीत असलेली बहुधा भंगारात गेलेली असतात. सगळ्यांत जास्त लक्ष द्यायचं ते फक्त डीएचसीपीत दिसणाऱ्यांकडे. डोमेनमध्ये न घेतलेले लॅपटॉप, हजेरीची यंत्रं, कोणीतरी परस्पर जोडलेला पीसी, सगळे तिथेच सापडतात.

जुळवणी मशीनच्या नावावर करू नका. नावं बदलतात, आणि फॉरमॅटनंतर तेच नाव दुसऱ्या मशीनला जातं. बायॉसमधला सिरियल नंबर घ्या. आपल्याकडे असेंबल्ड पीसी भरपूर, आणि त्यांतल्या पुष्कळांच्या सिरियलच्या जागी 'टू बी फिल्ड बाय ओईएम' एवढंच लिहिलेलं असतं. तिथे मदरबोर्डचा यूयूआयडी (बोर्डाचा ओळख क्रमांक) बघा. स्वस्त बोर्डांवर तोही शंभर मशीन्सना सारखा निघू शकतो, तेव्हा ऑनबोर्ड नेटवर्क कार्डाचा मॅक पत्ता घ्या. यूएसबी लॅन कन्व्हर्टरचा मॅक चालणार नाही, कारण तो एका लॅपटॉपवरून दुसऱ्यावर फिरत असतो.

मग मेलेली खाती काढा. 'लास्ट लॉगॉन टाइमस्टॅम्प' हे फील्ड प्रत्येक लॉगिनला बदलत नाही. ते ९ ते १४ दिवस मागे असू शकतं, म्हणून पंधरा दिवसांची मर्यादा लावली तर जिवंत मशीन्स मारली जातील. ९० दिवस धरा. डोमेनमधलं मशीन स्वतःचा पासवर्ड साधारण दर ३० दिवसांनी बदलतं. तीन फेऱ्या चुकल्या असतील तर ते मशीन खरंच दिसलेलं नाही.

सावधान: खातं थेट डिलीट करू नका. आधी डिसेबल करा आणि महिनाभर थांबा. बिटलॉकरच्या (विंडोजच्या डिस्क एन्क्रिप्शनच्या) रिकव्हरी की डिरेक्टरीत ठेवत असाल, तर त्या कॉम्प्युटर खात्याच्या पोटातच असतात. खातं गेलं की कीही गेली. मग कपाटात पडलेला लॅपटॉप चार महिन्यांनी कोणी सुरू केला आणि त्याने रिकव्हरी की मागितली, तर तो उघडणार नाही.

तपासणी: डब्ल्यूएसयूएसमधला आकडा खऱ्या संख्येपेक्षा बराच कमी आहे आणि यादीतली नावं रोज बदलतात असं दिसलं, तर सिसप्रेप (मशीनची जुनी ओळख पुसणारं विंडोजचं टूल) न चालवता क्लोन केलेली मशीन्स आहेत असं समजा. त्या सगळ्यांचा डब्ल्यूएसयूएस ओळख क्रमांक एकच असतो, म्हणून शेवटी जे बोलेल तेच दिसतं. हे आत्ताच दुरुस्त करा. पुढे कॉन्फिगरेशन मॅनेजरमध्ये हाच घोळ दुप्पट महाग पडतो.

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. त्या मशीन्सचे तीन गट करा: ११ वर जाणारी, वाढीव सुरक्षा पॅच विकत घेतलेली आणि बदलायची. तिसऱ्या गटावर नवी व्यवस्था चढवण्यात वेळ घालवू नका.

## २. मालकीचा तक्ता कागदावर आणा

हा टप्पा लोक हमखास टाळतात, कारण यात कन्सोल उघडायचाच नसतो. तरी माझ्या मते अर्धं काम इथेच होतं.

एका शीटवर कामं लिहा: हार्डवेअर-सॉफ्टवेअरची नोंद, विंडोजचे पॅच, इतर सॉफ्टवेअरचे पॅच, नवं सॉफ्टवेअर टाकणं, ऑफिसचे अपडेट, अँटिव्हायरस, फायरवॉल, डिस्क एन्क्रिप्शन, लोकल ॲडमिनचा पासवर्ड, रिमोट सपोर्ट, ब्राउझरच्या सेटिंग्ज. प्रत्येकापुढे आजचा मालक, उद्याचा मालक, बदलाची तारीख, जबाबदार माणूस आणि बिघडलं तर परत फिरण्याची वाट लिहा. शेवटचा रकाना रिकामा असेल तर ते काम हलवायची वेळ अजून आलेली नाही.

आता लपलेले मालक शोधा. तक्त्यात नसलेले पण मशीनवर काम करणारे बरेच असतात: आधीच्या ॲडमिनची लॉगॉन स्क्रिप्ट, शेड्यूल्ड टास्क, प्रिंटरवाल्याने ठेवलेलं रिमोट टूल, अँटिव्हायरसच्या सूटमधला 'पॅच मॅनेजमेंट' नावाचा चालू राहिलेला भाग. शेवटचा सर्वांत त्रासदायक, कारण तो पॅकेजसोबत आपोआप आलेला असतो आणि कोणालाच माहीत नसतो. वेगवेगळ्या विभागांतली पाचसहा मशीन्स निवडा, त्यांच्यावर बसा आणि सर्व्हिसेस, टास्क व ग्रुप पॉलिसीचा रिपोर्ट डोळ्यांनी वाचा.

नेहमीची चूक: 'ग्रुप पॉलिसी आणि इंट्यून भांडले तर इंट्यूनला जिंकू द्या' अशी एक सेटिंग आहे. ती लावली की प्रश्न मिटला असं समजून जुन्या पॉलिसी तशाच ठेवल्या जातात. ती सेटिंग फक्त पॉलिसी सीएसपीमधल्या सेटिंग्जना लागू होते (सीएसपी म्हणजे विंडोजचे ते भाग, ज्यांतून इंट्यून सेटिंग्ज बदलतं). विंडोज अपडेटच्या सेटिंग्जना ती लागू होत नाही, आणि डिफेंडरसारख्या (विंडोजच्या स्वतःच्या अँटिव्हायरसच्या) इतर सीएसपींनाही नाही. जिथे भांडण सर्वांत जास्त होतं, तिथेच ती उपयोगी पडत नाही.

## ३. ओळख पक्की करा

कॉन्फिगरेशन मॅनेजर आणि इंट्यून एकत्र चालवायचे (म्हणजे को-मॅनेजमेंट), तर आधीच डोमेनमध्ये असलेल्या मशीनची ओळख एंट्रा आयडीतही (मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडवरच्या डिरेक्टरीतही) हवी. याला हायब्रिड जॉइन म्हणतात. इथे घाई केली तर पुढचं सगळं डळमळतं.

१. वेळ जुळवा. मशीन आणि डोमेन कंट्रोलर यांच्या घड्याळांत ५ मिनिटांपेक्षा जास्त फरक असेल तर कर्बेरॉस (डोमेनची लॉगिन पडताळणी) लॉगिन नाकारतं. सर्ट-इनच्या (केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या) २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसारही घड्याळं एनआयसी किंवा एनपीएल या सरकारी संस्थांच्या एनटीपी (वेळ देणाऱ्या) सर्व्हरशी, किंवा त्यांच्याशी जुळलेल्या सर्व्हरशी जुळलेली हवीत.

२. युजरची नावं तपासा. डोमेनचं नाव 'डॉट लोकल'वर संपत असेल तर क्लाउडवर ते चालत नाही. संस्थेच्या खऱ्या इंटरनेट डोमेनचा प्रत्यय डिरेक्टरीत जोडा आणि युजरच्या यूपीएनमध्ये (ईमेलसारख्या लॉगिन नावात) तो लावा. कोणत्या ॲप्लिकेशनमध्ये जुनं यूपीएन लॉगिन म्हणून वापरलं जातं ते आधी बघून घ्या.

३. एंट्रा कनेक्टमध्ये (डोमेनमधली माहिती एंट्रात नेणाऱ्या टूलमध्ये) मशीन्सचे ओयू (डिरेक्टरीतले कप्पे) सिंकमध्ये घ्या. युजरचे ओयू सगळे निवडतात, मशीन्सचे राहून जातात. आठवडाभर 'जॉइन का होत नाही' म्हणून शोध घेतला जातो, त्याचं कारण पुष्कळदा एवढंच असतं.

४. त्याच टूलमधून सर्व्हिस कनेक्शन पॉइंट तयार करा. मशीनला आपलं टेनंट (क्लाउडवरचा संस्थेचा हिस्सा) कुठलं हे त्यातून कळतं.

आता थांबायचं. मशीन आधी स्वतःचं प्रमाणपत्र डिरेक्टरीतल्या आपल्या खात्यावर लिहितं. एंट्रा कनेक्ट ते पुढच्या सिंकमध्ये वर नेतं, आणि सिंक साधारण दर ३० मिनिटांनी होतं. त्यानंतरच मशीनची नोंदणी पूर्ण होते आणि युजरला पुढच्या लॉगिनला टोकन मिळतं. पाच मिनिटांत झालं नाही म्हणून मशीन बाहेर काढून पुन्हा जोडणारे लोक हा प्रवास दर वेळी शून्यावर आणतात.

तपासणी: मशीनवर 'डीएसरेगसीएमडी' कमांड 'स्टेटस'सह चालवा. डोमेन जॉइन्ड, अझूर एडी जॉइन्ड आणि अझूर एडी पीआरटी, तिन्हींपुढे 'येस' हवं (अझूर एडी हे एंट्रा आयडीचं जुनं नाव, पीआरटी म्हणजे वर सांगितलेलं युजरचं टोकन). पीआरटीची ओळ त्या युजरच्याच लॉगिनमधून बघा. ॲडमिन म्हणून विंडो उघडलीत तर तुम्हाला ॲडमिनचं उत्तर मिळेल.

सावधान: हायब्रिड जॉइन झालेल्या मशीनची इमेज काढून ती इतरांवर टाकू नका. जुनी ओळख सोबत जाते.

## ४. नेटवर्क: शाखेची लाइन आधी वाचवा

साधा हिशेब करू. समजा महिन्याचा पॅच ६०० एमबीचा आहे, शाखेत १५ मशीन्स आहेत आणि लाइन १० एमबीपीएसची आहे. प्रत्येकाने स्वतंत्र डाउनलोड केलं तर ९ जीबी होतात, म्हणजे लाइन पूर्ण २ तास फक्त त्यासाठीच. एकाने उतरवून बाकीच्यांना वाटलं तर लाइनवर ८ मिनिटं. वाटपाची सोय एजंट टाकण्याआधी हवी.

विंडोजमधलं डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन हे काम करतं. त्याला मशीन्समध्ये टीसीपी ७६८० पोर्ट उघडा लागतो. अँटिव्हायरसची फायरवॉल तो बंद ठेवत नाही ना, ते बघा. ४ जीबीपेक्षा कमी रॅमची मशीन्स डिफॉल्ट सेटिंगमध्ये वाटप करत नाहीत.

इथे एक खड्डा आहे. आपल्या बऱ्याच संस्थांमध्ये शाखा एमपीएलएसने (खासगी लाइनने) मुख्य कार्यालयाला जोडलेल्या असतात आणि इंटरनेट तिथूनच बाहेर पडतं. म्हणजे बाहेरच्या जगाला सगळ्या शाखांचा सार्वजनिक पत्ता एकच दिसतो. डिलिव्हरी ऑप्टिमायझेशनचा नेहमीचा मोड १ तोच पत्ता बघून 'हे सगळे एकाच लॅनवर आहेत' असं ठरवतो. मग रत्नागिरीच्या शाखेतलं मशीन पॅच नागपूरच्या शाखेकडून ओढतं, आणि जी लाइन वाचवायची होती तीच दोन्ही टोकांना भरते. अशा रचनेत मोड २ लावा. गट ॲक्टिव्ह डिरेक्टरी साइटवरून किंवा डीएचसीपीच्या २३४ नंबरच्या ऑप्शनमधून द्या. प्रत्येक शाखेचा गट वेगळा.

कॉन्फिगरेशन मॅनेजरमध्ये बाउंडरी ग्रुप नीट हवेत. प्रत्येक शाखेची आयपी रेंज लिहा, दोन रेंज एकमेकींवर चढू देऊ नका आणि व्हीपीएनची रेंज विसरू नका. बाउंडरी चुकली की मशीनला फाइल कुठून घ्यायची हेच कळत नाही, आणि कन्सोलवर डाउनलोड शून्य टक्क्यांवर अडकून बसतो.

प्रॉक्सीकडेही (इंटरनेटला जाताना मध्ये लागणाऱ्या सर्व्हरकडेही) नीट बघा. मशीनची नोंदणी युजरच्या नावाने होत नाही, सिस्टिम खात्याने होते. युजरच्या ब्राउझरमध्ये प्रॉक्सी भरलेली असली तरी सिस्टिम खात्याला ती दिसत नाही. म्हणून युजरच्या ब्राउझरमध्ये सगळं उघडतं आणि नोंदणी मात्र फेल होते. मशीन पातळीवर विनएचटीटीपीची (विंडोजच्या सेवा वापरतात ती) प्रॉक्सी द्या. फायरवॉलवर एसएसएल तपासणी चालू असेल तर नोंदणीचे आणि इंट्यूनचे पत्ते त्यातून वगळा.

तपासणी: एका शाखेतलं एक मशीन आणि व्हीपीएनवरचा एक लॅपटॉप घ्या. मॅनेजमेंट पॉइंटकडे (कॉन्फिगरेशन मॅनेजरचा एजंट ज्याच्याशी बोलतो त्या सर्व्हरकडे) ८० किंवा ४४३, क्लायंट नोटिफिकेशनसाठी १०१२३ आणि अपडेट सर्व्हरकडे ८५३० किंवा ८५३१ हे पोर्ट उघडे आहेत का ते पाहा. नेटवर्कवाल्यांनी 'उघडलंय' असं सांगितलं तरी स्वतः चालवून बघा.

## ५. अधिकार आवळा, मगच जोडा

जे टूल एका क्लिकवर हजार मशीन्सवर सॉफ्टवेअर टाकतं, ते चुकीच्या हातात गेलं तर तितक्याच वेगाने हजार मशीन्स बुडवतं. मे २०१४ मध्ये अमेरिकेतल्या एमरी विद्यापीठात विंडोज ७ ची इमेज चुकून विद्यापीठातल्या सगळ्या विंडोज मशीन्सकडे पाठवली गेली. डेस्कटॉप, लॅपटॉप आणि सर्व्हर फॉरमॅट व्हायला लागले, आणि हे पाठवणारा एससीसीएमचा सर्व्हरही त्यातून सुटला नाही. तिथे कोणी हल्ला केला नव्हता.

- सर्व्हर आणि डेस्कटॉप यांचे गट वेगळे ठेवा. डेस्कटॉपवाल्या माणसाला सर्व्हरचा गट दिसताच कामा नये.
- 'ऑल सिस्टिम्स'वर काहीही सक्तीचं सोडायचं नाही.
- एजंट ढकलण्यासाठी वापरलेलं खातं डोमेन ॲडमिनचं नको. फक्त डेस्कटॉपवर लोकल ॲडमिन असलेलं वेगळं खातं करा. संपूर्ण साइटवर आपोआप एजंट ढकलण्याची सोय बंद ठेवा.
- कन्सोलचं खातं आणि रोजच्या ईमेलचं खातं एकच नको. क्लाउडच्या ॲडमिन खात्यांना दुहेरी पडताळणी हवीच.
- लोकल ॲडमिनचा पासवर्ड सगळीकडे एकच असेल तर तो प्रश्न आधी सोडवा. एप्रिल २०२३ च्या पॅचपासून विंडोज लॅप्स (प्रत्येक मशीनचा लोकल ॲडमिन पासवर्ड वेगळा ठेवणारी सोय) विंडोजमध्येच आहे, वेगळं काही बसवावं लागत नाही.

लॉगचाही विचार आत्ताच करा. सर्ट-इनच्या निर्देशांनुसार लॉग १८० दिवस ठेवावे लागतात, आणि घटना कळल्यापासून ६ तासांत ती कळवावी लागते. क्लायंटवरचे लॉग थोड्याच दिवसांत स्वतःवरच लिहिले जातात. कोणी, केव्हा, कुठल्या गटाला काय पाठवलं याच्या नोंदी बाहेरच्या लॉग सर्व्हरवर न्या.

## ६. जोडणी: सगळ्या कळा जुन्याच बाजूला ठेवून

आता को-मॅनेजमेंट चालू करायचं. इंट्यूनमध्ये आपोआप नोंदणीसाठी ठरावीक युजरांचा गट द्या, त्यांना लायसन्स आहे का ते तपासा, आणि कॉन्फिगरेशन मॅनेजरमध्ये नोंदणी 'पायलट'वर ठेवा. कम्प्लायन्स (मशीन नियमांत बसतं का), अपडेट, एंडपॉइंट प्रोटेक्शन, डिव्हाइस कॉन्फिगरेशन, ऑफिस, ॲप या सगळ्या कामांच्या कळा (कोणतं काम कोणत्या टूलने करायचं ते ठरवणारी बटणं) पहिल्या दिवशी कॉन्फिगरेशन मॅनेजरकडेच राहू द्या. आज मशीन दोन्हीकडे दिसणं एवढंच साधायचं. मालकी बदलायची नाही.

पायलटमध्ये फक्त आयटीची मशीन्स घेतात, ती चूक. आयटीवाल्यांची मशीन्स नवी असतात, त्यांच्यावर ॲडमिन अधिकार असतात आणि त्यांच्यावर अकाउंट्सचं सॉफ्टवेअर नसतं. प्रत्येक विभागातलं एक मशीन घ्या. डिजिटल सहीचा टोकन लावलेलं, पासबुक प्रिंटरचं, टॅली चालणारं, जुने नॉन-युनिकोड मराठी फॉन्ट असलेलं आणि सतत व्हीपीएनवर असलेलं मशीन त्यात हवंच. जे मोडणार आहे ते तिथेच मोडेल.

पुढे कळा एकेक करून हलवा. कम्प्लायन्स आधी, कारण ते फक्त बघतं, बदलत काही नाही. एक कळ हलवली की निदान एक पूर्ण पॅच महिना जाऊ द्या. दोन कळा एका आठवड्यात हलवल्या आणि काही बिघडलं, तर कोणामुळे हे शोधता येत नाही.

तपासणी: कॉन्फिगरेशन मॅनेजरचा एजंट साधारण दर ६० मिनिटांनी पॉलिसी विचारतो, इंट्यून विंडोज मशीनशी साधारण दर ८ तासांनी बोलतं, आणि हार्डवेअरची यादी डिफॉल्टने ७ दिवसांनी येते. 'बदल केला पण दिसत नाही' म्हणण्याआधी यांतली कुठली वेळ भरायची आहे ते बघा.

## ७. पॅच: जुना हात आधी काढा

सगळ्यांत जास्त चुका इथे होतात, म्हणून इथे सावकाश.

जुन्या ग्रुप पॉलिसीत डब्ल्यूएसयूएसचा पत्ता लिहिलेला असतो. कॉन्फिगरेशन मॅनेजरचा एजंट स्वतःचा पत्ता लोकल पॉलिसीत लिहितो. डोमेनची पॉलिसी लोकलपेक्षा वरचढ, त्यामुळे एजंटचा पत्ता पुसला जातो आणि पॅच येणं थांबतं. एजंटच्या डब्ल्यूयूए हँडलर नावाच्या लॉगमध्ये 'वरच्या अधिकाराने सेटिंग बदलली' अशा अर्थाची ओळ दिसते. क्रम असा ठेवा:

१. पायलटची मशीन्स वेगळ्या ओयूत न्या आणि तिथे जुनी अपडेट पॉलिसी लागू होऊ देऊ नका.
२. ग्रुप पॉलिसी ताजी करा, मशीन रीस्टार्ट करा.
३. रजिस्ट्रीतली विंडोज अपडेटची पॉलिसी उघडून बघा. जुन्या सर्व्हरचा पत्ता, 'ऑटो अपडेट बंद' आणि 'विंडोज अपडेटच्या इंटरनेट पत्त्यांशी जोडू नका' या तीन गोष्टी शिल्लक नकोत. पॉलिसीने लिहिलेलं पॉलिसी काढल्यावर जातं. स्क्रिप्टने थेट लिहिलेलं मात्र तसंच राहतं, ते हाताने काढावं लागतं.
४. अँटिव्हायरस सूटमधला पॅचचा भाग बंद करा.
५. आता नव्या मालकाची कळ हलवा.

ही पाच पावलं उलट क्रमाने केली की मशीन कोणाचंच राहत नाही. कन्सोल हिरवा दिसतो, आणि मशीनवरचा शेवटचा पॅच तीन महिन्यांपूर्वीचा असतो.

मग वेळापत्रक. मायक्रोसॉफ्टचे पॅच महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येतात, आपल्याकडे तेव्हा रात्रीचे साडेदहा किंवा साडेअकरा वाजलेले असतात. म्हणून पहिल्या गटाला 'महिन्याचा दुसरा बुधवार' असं लिहून ठेवलं जातं. महिना बुधवारी सुरू झाला तर हे चुकतं. ऑक्टोबर २०२५ मध्ये दुसरा बुधवार ८ तारखेला होता आणि दुसरा मंगळवार १४ ला. पहिला गट पॅच येण्याच्या सहा दिवस आधीच 'पॅच' झाला असता. वेळापत्रकात दुसरा मंगळवार लिहा आणि त्यापुढे किती दिवस ते ऑफसेटने द्या.

गट निदान चार हवेत: आयटी, प्रत्येक विभागातलं एकेक, एक पूर्ण शाखा, मग बाकीचे. शेवटच्या गटाची तारीख जीएसटीच्या ११ आणि २० तारखांवर किंवा मार्चअखेरवर पडणार नाही असं बघा.

अँटिव्हायरसच्या बाबतीत विक्रेत्याला एक प्रश्न विचारा: तुमच्या कंटेंट फाइलींनाही हे गट लागू होतात, की फक्त एजंटच्या आवृत्तीला? १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइकची सदोष कंटेंट फाइल सगळीकडे एकदमच गेली आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार सुमारे ८५ लाख विंडोज मशीन्स कोलमडली. एजंटची आवृत्ती जपून, एक पाऊल मागे ठेवणाऱ्या संस्थाही त्यात सापडल्या.

## ८. सॉफ्टवेअर: पॅकेज करताना

सगळं सॉफ्टवेअर एकदम पॅकेज करायला बसू नका. सर्वाधिक मशीन्सवर असलेली पहिली वीस निवडा. यादी काढताना विन३२ प्रॉडक्ट नावाचा डब्ल्यूएमआय (विंडोजकडून मशीनची माहिती विचारण्याची सोय) क्लास वापरू नका. तो नुसती यादी देत नाही, प्रत्येक एमएसआय (विंडोजचं इन्स्टॉलर पॅकेज) तपासायला घेतो आणि बिघाड वाटला तर दुरुस्तीही सुरू करतो. भर दुपारी शाखेतली मशीन्स का रेंगाळली याचं कारण कधीकधी अशी एखादी स्क्रिप्ट असते. रजिस्ट्रीतली अनइन्स्टॉलची यादी वाचा, ३२ बिटची आणि ६४ बिटची दोन्ही.

इन्स्टॉलेशन सिस्टिम खात्याखाली चालतं. त्याला युजरची झेड ड्राइव्ह दिसत नाही, युजरचा डेस्कटॉप दिसत नाही, आणि 'ओके' दाबायला समोर कोणी नसतं. फाइल शेअरवरून घ्यायची असेल तर परवानगी मशीनच्या खात्याला द्यावी लागते. तुमच्या लॉगिनवर चालून बघितलेलं पॅकेज म्हणजे तपासलेलं पॅकेज नव्हे. सिस्टिम खात्याखाली चालवून बघा.

परतीचे कोड ओळखा. ० म्हणजे झालं. ३०१० म्हणजे झालं, पण रीस्टार्ट हवा. १६४१ म्हणजे रीस्टार्ट सुरूही झाला. १६१८ म्हणजे दुसरं काही इन्स्टॉल होतंय, नंतर या. १६०३ म्हणजे खरंच फसलं, लॉग वाचा. ३०१० ला अपयश मोजणारे रिपोर्ट मी पुष्कळ पाहिलेत. मग तेच पॅकेज पुन्हापुन्हा पाठवलं जातं.

नेहमीची चूक: 'बसलंय का' हे ओळखण्याच्या नियमात आवृत्ती 'बरोबर इतकीच' अशी लिहिणं. ब्राउझर स्वतःच पुढच्या आवृत्तीवर जातो, नियमाला जुनी आवृत्ती सापडत नाही, आणि टूल जुनं पॅकेज पुन्हा टाकायला धावतं. नियम 'इतकी किंवा जास्त' असा ठेवा.

मराठी टायपिंगची जुनी सॉफ्टवेअरं, टोकनचे ड्रायव्हर, बँकिंगची जुनी जावा ही कुठल्याही तयार कॅटलॉगमध्ये मिळणार नाहीत. त्यांचे इन्स्टॉलर, लायसन्स आणि डोंगल कुठे आहेत ते आत्ता लिहून ठेवा. जुन्या फॉन्टवर फायली अडकल्या असतील तर मशीन बदलताना तो फॉन्ट सोबत न्यावा लागेल, नाहीतर दहा वर्षांचे ठराव उघडतील आणि वाचता येणार नाहीत.

## ९. सर्व्हिस डेस्कशी दुवा

हे काम थोडक्यात होतं, फक्त दिशा एकच ठेवा. मशीनची माहिती व्यवस्थापनाच्या टूलकडून सर्व्हिस डेस्ककडे जाईल, उलट नाही. दुव्यासाठी फक्त वाचण्याचा अधिकार असलेलं खातं वापरा. जुळवणी पहिल्या टप्प्यात ठरवलेल्या सिरियलवर करा. अकाउंट्सने दिलेला मालमत्ता क्रमांक आणि खरेदीची तारीख ही फील्डं आपोआप लिहिली जाणार नाहीत असं ठेवा. मशीन टूलमधून गायब झालं म्हणून डेस्कमधली नोंद डिलीट होऊ देऊ नका. ती 'तपासा' या अवस्थेत जावी, कारण ते मशीन चोरीलाही गेलेलं असू शकतं.

## १०. जुनं बंद करताना

जुना एजंट काढण्यासाठी बहुधा पासवर्ड लागतो, आणि तो जुन्या कन्सोलमध्येच असतो. कन्सोल आधी बंद केला की प्रत्येक मशीनवर हाताने बसावं लागतं. म्हणून आधी एजंट काढा, मग कन्सोल. अँटिव्हायरस काढल्यावर डेस्कटॉपवर डिफेंडर सहसा आपोआप जागा होतो. सर्व्हरवर तसं धरून चालू नका, जाऊन बघा.

डब्ल्यूएसयूएस लगेच पुसू नका. मायक्रोसॉफ्टने सप्टेंबर २०२४ मध्ये त्याचा पुढचा विकास थांबवल्याचं जाहीर केलं, पण सपोर्ट चालू आहे. शिवाय कॉन्फिगरेशन मॅनेजरचे अपडेट अजूनही त्याच्याच मदतीने चालतात, तेव्हा तुमचा डब्ल्यूएसयूएस स्वतंत्र आहे की त्याला जोडलेला, ते आधी पाहा. स्वतंत्र असेल तर सर्व्हिस थांबवा, सर्व्हर मात्र चालू ठेवा. फायरवॉलच्या लॉगमध्ये ८५३० वर त्याच्याकडे अजून कोण येतंय त्याची रोज यादी काढा. त्या यादीतलं प्रत्येक मशीन म्हणजे सातव्या टप्प्यात काहीतरी राहून गेलेलं मशीन. यादी सलग दोन पॅच महिने रिकामी आली की सर्व्हर काढा आणि डीएनएसमधलं त्याचं नावही काढा.